वृक्षाची सीमा आणि शब्दाची सीमा

तौलनिक भाषाशास्त्राच्या इतिहासात बीच या वृक्षाला एकेकाळी साक्षीदाराचे स्थान लाभले होते. युरोपीय बीचची पूर्वसीमा बाल्टिक किनाऱ्यावरील कोनिग्जबर्गपासून काळ्या समुद्रापर्यंत जाते, असे धरून आद्य भारतीय-युरोपीय भाषकांचे मूलस्थान तिच्या पश्चिमेस कल्पिले गेले. परंतु लॅटिनमध्ये ज्या शब्दाने बीच सूचित होतो, त्याचेच ग्रीक रूप ओक दर्शविते. वृक्ष मागे राहतो आणि शब्द पुढे जाऊन नवा अर्थ धारण करतो. त्यामुळे ही साक्ष दुबळी ठरली.

या प्रश्नाचे भारतीय रूप रायपूरच्या बूढापारा या जुन्या वस्तीवरून न्याहाळण्याजोगे आहे. हे नगर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. त्याच्या पश्चिमेस, विदर्भाच्या वनांत, सागाचे प्राबल्य आहे. पूर्वेस व दक्षिणेस, गरियाबंद, सिहावा, बस्तर या भागांत, सालवृक्षाचे. छत्तीसगढीत त्याला ‘सरई’ म्हणतात. मराठीत मात्र ‘साल’ म्हटले की प्रथम वर्ष किंवा झाडाची त्वचा आठवते. तरीही या वृक्षाचा निर्यास, म्हणजे राळ, मराठीला परका नाही. तिच्यापासून ‘राळ उडवणे’ हा वाक्प्रचारही सिद्ध झाला. वृक्षाने न ओलांडलेली सीमा त्याच्या निर्यासाने ओलांडली.

शब्दाची ही गतिशीलता वृक्षाला नाही. सालाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर गळते आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहते. तेवढ्या अवधीत ओल मिळाली तर ते रुजते. पुढे कित्येक वर्षे रोपाचा शेंडा दर हंगामी वाळतो. मूळ मात्र भूमीत बळावत राहते, आणि ते पुरेसे समर्थ झाल्यावरच खोड उंचावते. वरवर मृत दिसणारे रोप वस्तुतः वाढत असते. म्हणूनच मातृवृक्ष तोडले की हे नैसर्गिक पुनरुज्जीवनच खुंटते. बस्तरमध्ये सालवने काढून त्या जागी उष्णकटिबंधीय पाइन लावण्याची योजना १९७० नंतरच्या दशकात आखली गेली. आदिवासींच्या विरोधानंतर ती सोडून द्यावी लागली.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक विवेक लाभतो. शब्दकोशातील वृक्षनामांवरून वनाचा नकाशा रेखाटता येत नाही. वन नष्ट झाल्यावरही ‘राळ’ हा शब्द मराठीत टिकेल. परंतु त्या टिकण्याला वनाचे अस्तित्व समजणे, हा बीचच्या साक्षीवर विसंबण्यासारखाच प्रमाद होय.