संख्यांची रांग

घरातील जमाखर्चाची जुनी वही तुम्ही कधी उघडून पाहिली आहे काय? तिच्यात एकंखाली एकं, दहंखाली दहं असे अंक नीट मांडलेले असतात. ही रांग चुकली, की बेरीज चुकते. संगणकाकडून संख्या छापून घेतानाही हीच काळजी घ्यावी लागते.

समजा, चार नद्यांची लांबी किलोमीटरमध्ये संगणकात साठवावयाची आहे: गोदावरी १४६५, भीमा ८६१, तापी ७२४ आणि पंचगंगा सुमारे ८१. प्रत्येक संख्येला निराळे नाव देत बसण्यापेक्षा एकाच नावाखाली ओळीने चार कप्पे करणे सोयीचे. अशा कप्प्यांच्या ओळीला 'ॲरे' म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास 'सी' ही संगणकभाषा घडविली. तिच्यात कप्पे शून्यापासून मोजतात. म्हणून गोदावरीचा कप्पा क्रमांक ०, तर पंचगंगेचा ३. क्रमांक ४ चा कप्पा नाहीच. परंतु तो मागितला, तर 'सी' आपल्याला बहुधा अडवीत नाही, भलतीच संख्या हाती देऊन मोकळी होते!

आता सर्व कप्पे क्रमाने छापू:

१४६५
८६१
७२४
८१

भीमेचा ८ हा अंक गोदावरीच्या सहस्रस्थानाखाली येऊन बसला आहे. घाईने पाहणाऱ्यास भीमाच मोठी वाटावी.

'सी' मध्ये छापण्याचे काम 'प्रिंटएफ' करते. टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे 'डी' हे अक्षर लिहिले, की तेथे पूर्णांक छापला जातो. या दोहोंच्या मध्ये ६ हा अंक घातला, तर प्रत्येक संख्येला किमान सहा जागा मिळतात आणि ती उजवीकडे सरकते. रिकाम्या जागा कळाव्यात म्हणून येथे टिंबे दिली आहेत:

..१४६५
...८६१
...७२४
....८१

पण सहा जागांत सात अंकी संख्या आली तर? 'सी'हून जुन्या 'फोर्ट्रान' भाषेत अशा वेळी संख्येऐवजी नुसत्या तारका छापल्या जातात. 'सी' मात्र संख्या पूर्ण छापते. रांग मोडते; पण एकही अंक गळत नाही. मला ही रीत अधिक बरी वाटते, कारण मोडलेली रांग तत्काळ डोळ्यांत भरते आणि खरी संख्याही समोर असते. मग ६ च्या जागी ८ लिहावा आणि आज्ञावली पुन्हा चालवावी.