संदेशांचा पूर आणि मोजकी मुभा

नळ जोरात वाहत असेल आणि खालची बादली लहान असेल, तर पाणी सांडणार हे सांगायला नको. संगणकांच्या जाळ्यातही हाच प्रश्न येतो. पाठविणारा संगणक वेगवान आणि घेणारा मंद असेल, तर काय करायचे? ‘एरलँग’ या संगणकभाषेने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, ते पाहू.

स्वीडनमधील एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्यो आर्मस्ट्राँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 च्या सुमारास ही भाषा घडविण्यास सुरुवात केली. हेतू होता टेलिफोन केंद्रे चालविण्याचा. 1998 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. ही फलनप्रधान भाषा आहे. बीजगणिताच्या एका उदाहरणात क्ष = 5 ठरला, की शेवटपर्यंत तो 5 च राहतो; येथेही तसेच. हजारो लहान लहान ‘प्रक्रिया’ एकाच वेळी काम करतात. पण एकीला दुसरीच्या स्मृतीत ढवळाढवळ करता येत नाही. त्या एकमेकींना फक्त संदेश पाठवितात. प्रत्येकीची स्वतःची टपालपेटी असते आणि तिला आकाराची मर्यादा नसते.

नेमकी येथेच अडचण आहे. जाळ्यातून दर सेकंदाला 1000 संदेश येतात आणि प्रक्रिया 800 च हातावेगळे करते, असे समजा. म्हणजे दर सेकंदाला 200 संदेश साचतात. दहा मिनिटांत, म्हणजे 600 सेकंदांत, 1,20,000 संदेश साचतील. एक संदेश 1500 बाइटचा धरला, तर 18 कोटी बाइट स्मृती अडकून पडेल! असेच चालू राहिले, तर यंत्र कोलमडेल.

एरलँगच्या ‘जेन-टीसीपी’ या ग्रंथालयात जोडणीचे, म्हणजे सॉकेटचे, प्रारंभी तीन प्रकार होते. ‘सक्रिय’ सॉकेट आलेली माहिती सरळ पेटीत टाकते. त्यात पुराचा धोका. ‘निष्क्रिय’ सॉकेट मागितल्याशिवाय काही देत नाही. पण मागून वाट पाहत बसलेल्या प्रक्रियेला तेवढ्या वेळात इतर संदेशांकडे पाहता येत नाही. ‘एकदाच सक्रिय’ सॉकेट एक संदेश देऊन थांबते. पूर टळतो, परंतु प्रत्येक संदेशामागे नव्याने परवानगी द्यावी लागते.

2014 मध्ये आलेल्या 17 व्या आवृत्तीत चौथा प्रकार मिळाला. त्यात परवानगीबरोबर एक संख्या सांगायची. समजा, 100 सांगितली. प्रत्येक संदेश पेटीत पडला, की गणती एकाने कमी होते. ती शून्यावर आली, की सॉकेट निष्क्रिय होते आणि तशी सूचनाही पेटीत टाकते. सूचना वाचली, की प्रक्रिया पुन्हा 100 ची मुभा देते. त्यामुळे त्या सॉकेटचे 100 हून अधिक संदेश कधीच साचत नाहीत. 1000 संदेशांसाठी 1000 परवानग्यांऐवजी 10 पुरतात.

मग न घेतलेली माहिती जाते कोठे? ती कार्यप्रणालीच्या राखीव जागेत थांबते. ती जागा भरत आली, की टीसीपीच्या नियमाप्रमाणे घेणारा संगणक पाठविणाऱ्यास कळवितो, ‘माझ्याकडे आता इतकीच जागा उरली आहे.’ जागा शून्य झाली, की पाठविणारा थांबतो. अशा रीतीने 1000 चा वेग आपोआप 800 वर येतो. बादली मोठी केली नाही. नळच बेताने सोडला!

विद्यार्थी मित्रहो, आता थोडा विचार करा:

1. मुभेची गणती 30 उरली असताना आणखी 100 दिली, तर ती 130 होते. मग गणती 40 असताना उणे 40 दिले, तर सॉकेटचे काय होईल?

2. ही गणती 32,767 च्या पुढे जाऊ शकत नाही. याच संख्येवर मर्यादा का असावी? (सूचना : 2 चा 15 वा घात काढून पाहा.)