खाजण आणि खारबंदिस्ती : भरतीरेषेवरील शेतीचा व वन्यजीवनाचा अभ्यास

कोकण किनाऱ्यावरील खाड्यांच्या काठी भरतीचे पाणी जिथवर पोहोचते आणि जिथून पुढे भातखाचरे सुरू होतात, त्या दोहोंच्या मधे चिखलाचा, क्षारयुक्त आणि वरकरणी निरुपयोगी वाटणारा पट्टा असतो. यास खाजण म्हणतात. गोव्यात हाच शब्द बांध घालून लागवडीखाली आणलेल्या खाऱ्या जमिनीसही वापरला जातो, तर रायगड जिल्ह्यात अशा लागवडीच्या जमिनीस खारजमीन आणि त्या मुलखास खारेपाट म्हणण्याचा प्रघात आहे. खाजणातील जीवसृष्टी आणि बांधाआडची शेती यांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. एक विषय वनखात्याचा आणि दुसरा कृषिखात्याचा, अशी त्यांची वाटणी झालेली आहे. प्रत्यक्षात दोहोंचे अस्तित्व परस्परांवर अवलंबून आहे. या लेखात त्या संबंधाचा परामर्श घेतला आहे.

खाजणाची घडण

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीस उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीस भांग म्हणतात. भांगाच्या भरतीचे पाणी खाडीच्या मुख्य पात्रालगतच थांबते, तर उधाणाचे पाणी काठावरील उंच सपाटीवरही पसरते. त्यामुळे खाजणाच्या खालच्या भागावर रोज पाणी चढते आणि वरच्या भागावर महिन्यातून मोजकेच दिवस.

पाताळगंगा, अंबा, कुंडलिका यांसारख्या नद्या सह्याद्रीवरून उतरताना बारीक गाळ आणतात. खाडीत गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा संगम झाला की त्या गाळाचे सूक्ष्म कण एकत्र येऊन तळाशी बसतात. पाण्याचा वेग जिथे मंदावतो तिथे चिखलाची सपाटी तयार होते, तिच्यावर वनस्पती रुजतात, त्यांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो आणि जमीन हळूहळू उंचावते. खाजण ही अशा प्रकारे सतत घडत राहणारी भूमी आहे.

क्षार सोसणाऱ्या वनस्पती

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी सामान्य पिकाच्या मुळांशी आले तर पीक पाण्यात उभे असूनही तहानेने वाळते. खाजणातील वनस्पतींनी या अडचणीवर निरनिराळे उपाय योजलेले दिसतात. तिवर हे झाड क्षार आत घेते आणि पानांवरील ग्रंथींवाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत त्याच्या पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात. कांदळाची मुळे बरेचसे क्षार आत शिरतानाच अडवतात. खाजणाच्या वरच्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या सपाटीवर वाढणारी मोरस ही लहान वनस्पती आपल्या मांसल पानांत क्षार आणि पाणी दोन्ही साठवून ठेवते. तिची कोवळी पाने किनाऱ्यावरील कुटुंबे भाजीसाठी खुडतात. खारटपणा कमी करण्यासाठी ती उकळून तिचे पाणी टाकून देतात.

चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवर आणि चिप्पी यांची श्वसनमुळे खुंट्यांसारखी जमिनीबाहेर येतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली पांढऱ्या चिप्पीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान्यता दिली. शेतीच्या दृष्टीने मात्र या झाडांचे महत्त्व त्यांच्या सामुदायिक कार्यात आहे. खोडे, फांद्या आणि श्वसनमुळे यांच्या दाटीतून येताना लाटेचा जोर घटतो आणि तिने आणलेला गाळ तिथेच बसतो.

चिखलातील अन्नसाखळी

कांदळवनाची गळलेली पाने कुजून त्यांवर जिवाणू व बुरशी वाढतात. चिखलाच्या पृष्ठभागावर शैवालांचा थर पसरतो. हे अन्न खाऊन कृमी, गोगलगायी, कोलंबीची पिले आणि खेकडे जगतात. एका मोठ्या नांगीचे लहान खेकडे ओहोटीच्या वेळी हजारोंच्या संख्येने बिळांबाहेर येतात. त्यांच्या बिळांमुळे चिखलात खोलवर हवा व पाणी खेळते. निवटी हा मासा पाण्याबाहेर चिखलावर वावरतो आणि ओलसर त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतील प्राणवायू घेतो.

बोय, कोलंबी, चिंबोरी यांची पिले खाजणातील उथळ व सुरक्षित पाण्यात वाढतात. रायगडच्या खारेपाटात ज्याची विशेष ख्याती आहे त्या जिताड्याचे जीवनचक्र या प्रदेशाच्या रचनेशी निगडित आहे. जिताडा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, त्याची पिले भरतीबरोबर खाडीत आणि पुढे गोड्या पाण्यातही शिरतात. आयुष्याच्या पूर्वार्धात नर असलेले हे मासे मोठे झाल्यावर मादी बनतात. अलिबाग व पेण परिसरातील शेतकरी ही पिले धरून शेतालगतच्या तळ्यांत वाढवतात. खाजण नष्ट झाल्यास या तळ्यांना पिलांचा पुरवठा करणारे नैसर्गिक पाळणाघरच नष्ट होईल.

हिवाळ्यात चिखलपट्ट्यांवर तुतारी, चिखल्या, पाणटिवळा आदी स्थलांतरित पक्षी उतरतात. प्रत्येकाच्या चोचीची लांबी वेगळी असल्यामुळे ते चिखलाच्या वेगवेगळ्या थरांतील भक्ष्य टिपतात. ठाणे खाडीत दरवर्षी मोठ्या संख्येने रोहित पक्षी येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लहान रोहित प्रामुख्याने नील-हरित शैवालावर जगतो, तर मोठा रोहित लहान कवचधारी जीवही गाळून खातो. या खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीस रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. कांदळवनांत सोनेरी कोल्हाही वावरतो. तेथील त्याच्या आहारात खेकड्यांचा समावेश असतो. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य खाजणशेतीच्या शेजारीच वसलेले आहे.

खारबंदिस्ती : समुद्राशी केलेला करार

खाजणाच्या वरच्या भागास मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, बांधात उघाडी ठेवायची आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन भात घ्यायचे, ही पद्धत कोकण व गोव्यात अनेक शतके चालत आलेली आहे. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने बंद होते आणि ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडते. गोव्यात तिला मानस म्हणतात. तेथे बांध व मानस यांची देखभाल गावकरी संस्था, म्हणजेच पुढील काळातील कोमुनिदाद, सामुदायिकपणे करीत असत. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात समुद्र हटवून जमीन मिळवणाऱ्यास शिलोत्री पद्धतीने हक्क मिळत आणि बांध राखण्याची जबाबदारी त्या हक्काशी जोडलेली असे.

या जमिनीसाठी किती श्रम पडत आणि त्यांचा मोबदला कोणाच्या पदरी जाई, हा प्रश्नही खारेपाटानेच ऐरणीवर आणला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. पुढे कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली, परंतु तिचे तुकडे अनेकांत विभागले गेले. बांध मात्र एकच राहिला. एका शेतकऱ्याने आपल्या तुकड्यापुरती दुरुस्ती करून भागत नाही, हे खारबंदिस्तीचे मूलभूत वैशिष्ट्य आहे. शासनाने मुंबई खारजमीन अधिनियम, १९४८ आणि नंतर महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ यांद्वारे बंदिस्तीची जबाबदारी स्वीकारली. तरीही लहान भोक वेळीच बुजवणारा गावचा हात आणि मोठे काम करणारी सरकारी यंत्रणा यांच्यातील अंतर अनेक ठिकाणी कायम राहिले.

बांधाला खांड पडते तेव्हा

बांधाला खांड पडण्याची सुरुवात बहुधा लहान कारणाने होते. खेकड्यांची बिळे, उन्हाळ्यातील भेगा, उघाडीलगत झिरपणारे पाणी किंवा सतत एकाच जागी आपटणारी लाट यांमुळे बांध पोखरला जातो. पावसाळ्यात उधाण आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली की आतील पाणी बाहेर पडू शकत नाही, बाहेरील पाणी चढत जाते आणि कमकुवत जागी बांध फुटतो. त्या हंगामाचे पीक जाते. खांड बुजवली नाही तर प्रत्येक भरतीला ती रुंदावते.

यानंतरचा क्रम शेतकऱ्यासाठी अधिक गंभीर असतो. भरतीबरोबर तिवराचे बी शेतात येते. काही वर्षांत खाचरांवर कांदळवन उभे राहते. कांदळवनांस किनारा नियमन क्षेत्राच्या तरतुदींचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने ते अधिक दृढ झाले. परिणामी सातबाऱ्यावर नाव असूनही शेतकऱ्यास ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे दुरापास्त होते. यातून कांदळवन हे शेतीचे शत्रू असल्याची भावना गावांत निर्माण होते. वस्तुतः शेत बुडवले ते झाडांनी नव्हे. दुरुस्तीच्या विलंबाने ते बुडाले आणि झाडे नंतर आली. बांधाच्या समुद्राकडील बाजूस कांदळवनाचा पट्टा शाबूत असतो तिथे लाट बांधापर्यंत जोराने पोहोचत नाही. तो पट्टा तोडल्यास मातीचा बांध उघडा पडतो.

क्षारतेचे व्यवस्थापन

हरियाणात चंडीमंदिर-पंचकुला परिसराच्या दक्षिणेस कर्नाल येथे १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. त्या सपाट प्रदेशातील अनेक चोपण जमिनींत विनिमयक्षम सोडियम अधिक असल्याने तिथे जिप्समचा वापर हा मुख्य उपाय ठरला. सिंचनामुळे भूजल वर येऊनही तिकडे क्षार साचतात. कोकणातील खारजमिनीची प्रकृती वेगळी आहे. येथील क्षार मुख्यतः समुद्रातून आलेले आणि पाण्यात विरघळणारे असतात. सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस ते धुऊन नेऊ शकतो. अट एवढीच की समुद्राचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी उघाडीवाटे बाहेर जावे.

भाताचे पीक मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता सुमारे ३ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत सोसते. त्यापुढे प्रत्येक एककास उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. रोपावस्था आणि फुलोरा या दोन अवस्था सर्वाधिक संवेदनशील असतात. म्हणून पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात :

- पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून नंतर ओहोटीच्या वेळी बाहेर सोडावे, म्हणजे वरच्या थरातील क्षार निघून जातात.
- क्षार कमी झाल्यावरच रहू पद्धतीने अंकुरित बियाणे फोकावे. लावणी करावयाची असल्यास थोडी अधिक वयाची रोपे घेऊन प्रत्येक चुडात रोपांची संख्या वाढवावी.
- कापणीनंतर जमिनीत ओल असतानाच उथळ नांगरट करावी किंवा पेंढ्याचे आच्छादन करावे. त्यामुळे उन्हाळ्यात केशाकर्षणाने वर येणारे क्षार रोखले जातात.
- क्षारसहनशील वाणांची निवड करावी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, पनवेल २ व पनवेल ३ हे वाण दिले आहेत. गोव्यातील कोरगुट या पारंपरिक भातातून निवड करून जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान १ व गोवा धान २ विकसित केले.

केरळातील पोक्काळी पद्धतीत पावसाळ्यात भात आणि उरलेल्या काळात त्याच शेतात कोलंबी घेतात. कोकणातही मत्स्यशेतीचा पर्याय आहे. मात्र भातशेतात कायमस्वरूपी खारे पाणी कोंडल्यास शेजारच्या खाचरांत क्षार झिरपतात. म्हणून हा निर्णय एका गटाने नव्हे, तर संपूर्ण बंदिस्तीने घ्यावयाचा असतो.

पुढील काळाचा विचार

१९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. पाणी वाढते तसे खाजण जमिनीकडे सरकू पाहते. मागे बांध किंवा भराव असल्यास त्यास जागा उरत नाही आणि समुद्र व बांध यांच्यामध्ये ते अरुंद होत जाते. अशा स्थितीत केवळ बांधाची उंची वाढवणे पुरेसे नाही. बाहेर गाळ अडवून स्वतः उंचावणारे खाजण टिकले तरच बांधावरील भार मर्यादित राहतो.

प्रत्येक बंदिस्तीत पावसाळ्यापूर्वी बांधाची व उघाडीची पाहणी करणे, पडलेली खांड तिवर रुजण्यापूर्वी, त्याच वर्षीच्या कोरड्या हंगामात बुजवणे आणि बांधाबाहेरील कांदळवन अबाधित राखणे, ही तीन कामे परस्परपूरक आहेत. वेळीच केलेल्या दुरुस्तीने शेतकऱ्याचे खाचर वाचते, त्या खाचरावरून उद्भवणारा कायद्याचा पेच टळतो आणि बाहेरील खाजणावर कुऱ्हाड पडत नाही. निवटी, जिताडा आणि रोहित ज्या चिखलावर जगतात, तोच चिखल बांधाचा पाया राखतो. खारेपाटातील भाताचा हिशेब मांडताना बांधाबाहेरील ही जमीनही शेताचाच भाग म्हणून धरावी लागेल.