विसरलेल्या माणसाची सेवा

वाचक माउलींनो, आजच्या पाठाचा विषय आम्हास पोथीतून मिळाला नाही, तो एका वारकऱ्याच्या ओसरीवर मिळाला. आमच्या दिंडीत पुरंदर तालुक्यातले एक आबा आहेत. वय ७६. चाळीस वर्षे आषाढीची पायी वारी त्यांनी चुकविली नाही. पण मागची दोन वर्षे ते दिंडीत दिसेनात. कोणी म्हणे गुडघे गेले, कोणी म्हणे मन उडाले. शेवटी आळंदीची कार्तिकी आटोपून आम्हीच त्यांच्या घरी गेलो.

उंबऱ्यात पाय ठेवतो तोच आतून बाईमाणसाचा आवाज आला, “दादा, मला घरी ने ना. आई वाट बघत असंल.”

आबा म्हणत होते, “नेतो हं. आधी वाईच चहा घे.”

त्या बाई म्हणजे आबांच्या घरच्या. पन्नास वर्षांच्या वर संसार झाला, आणि आता त्या नवऱ्याला आपला थोरला भाऊ समजतात. चहा पाजून, तोंड पुसून, त्यांना उन्हात बसवून आबा बाहेर आले. म्हणाले, “महाराज, तीन गोष्टी इचारायच्यात. माझी वारी बुडाली, गळ्यातल्या माळेला बट्टा लागला का? दुसरं, जन्मभर हरिपाठ म्हणणारी ही बाई, हिला आता देवाचं नाव आठवत न्हाई. अंतकाळी हिचं काय व्हायचं? आन् तिसरं...” इथे ते बराच वेळ थांबले. “परवा रात्री ती चौथ्यांदा उठली, आन् माझा हात उगारला गेला. मारलं न्हाई. पण उगारला. तो हात जोडून मी देवापुढं कसा उभा राहू?”

हे तीन प्रश्न एकट्या आबांचे नव्हेत. पुष्कळ माळकऱ्यांच्या घरात ते आज दबून आहेत. म्हणून त्यांचा येथे विचार करू.

आधी रोग ओळखावा

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. त्या म्हणीने फार नुकसान केले आहे. म्हातारपणी थोडे विसरणे निराळे आणि हा आजार निराळा. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे साधे. चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे हा रोग. एकच प्रश्न दहादा विचारणे, भाजीत दोनदा मीठ पडणे, रोजच्या वाटेवर चुकणे, पैशाचा हिशेब न जमणे, स्वभाव एकाएकी संशयी होणे, अशी त्याची सुरुवात होते. डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी प्रथम मांडला, म्हणून त्याला त्यांचे नाव पडले. मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होतात. बहुधा अलीकडच्या आठवणी आधी जातात, बालपणीच्या मागाहून. म्हणून आबांच्या कारभारणीला नवरा आठवत नाही, पण आई आणि भाऊ आठवतात. हे नाटक नव्हे, हट्ट नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा पहिले कर्तव्य म्हणजे देवऋषीकडे न जाता डॉक्टरांकडे जाणे. कारण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, मनाची उदासी, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त यांनीही अशीच लक्षणे दिसतात, आणि त्यांवर इलाज आहे. तसेच माणूस दोन-चार दिवसांत एकदम भ्रमिष्ट झाला, तर ताप किंवा लघवीचा संसर्ग आहे का ते ताबडतोब पाहावे. खऱ्या अल्झायमरला मुळासकट घालविणारे औषध अद्याप नाही. काही गोळ्यांनी काही काळ थोडा उतार पडतो, इतकेच. हे कडू आहे, पण ठाऊक असलेले बरे. नाही तर माणूस गंडेदोऱ्यांवर घरदार घालवतो.

आबांना भावकीतल्या कोणी सांगितले होते की, हे पूर्वजन्मीचे पाप आहे. दुसऱ्याने तर गीतेचाच दाखला दिला. दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश सांगितला आहे, हे खरे. पण ती विषयांच्या मागे लागलेल्या मनाची कथा आहे. तिथे माणूस आपले हित विसरतो. मेंदू झिजलेल्या म्हातारीला ते शब्द लावणे म्हणजे ताप आलेल्याला ‘तू कामाग्नीने तापला आहेस’ म्हणण्यासारखे आहे. नाव एक, गोष्टी दोन.

नाम कोणी विसरले?

आता आबांचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो त्यांना सर्वांत जास्त जाळीत होता. अंतकाळी ज्याचे स्मरण तीच गती, हे आठव्या अध्यायात आहे. मग जिचे स्मरणच गेले तिचे काय?

पण त्याच ठिकाणी भगवंतांनी सांगितले आहे की, जन्मभर मन ज्या भावात मुरले तोच भाव शेवटी उभा राहतो. लोणचे मुरले की मीठ वेगळे दिसत नाही, म्हणून ते गेले असे होते का? साठ वर्षांचा हरिपाठ त्या बाईंच्या अंगात मुरला आहे. पुढे पंधराव्या अध्यायात तर स्मृती, ज्ञान आणि त्यांचे जाणे ही तिन्ही आपल्यापासूनच होतात असे देव म्हणतो. म्हणजे हरवलेली आठवणसुद्धा देवाच्या बाहेर पडलेली नाही. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो ते उगीच का? तान्हे मूल झोपेत आईला विसरते. आई जागी असते.

आणखी असे की, नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवण आहे, बोलणे नव्हे. जिला नाम म्हणता येत नाही तिच्या कानी ते पडू द्यावे. गाण्याची आणि चालीची ओळख या रोगात पुष्कळांच्या ठायी उशिरापर्यंत टिकते, असे डॉक्टरही सांगतात. आम्ही त्या घरी होतो तेव्हा दिवेलागणीला आबांनी हलक्या आवाजात हरिपाठ धरला. बाईंना शब्द आले नाहीत. पण त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरू लागला. आबा म्हणाले, “रोज न्हाई हं होत असं. काही दिशी ती टाळ ढकलून देती. मग मी गप बसतो.” तेच योग्य. नाम हे औषध म्हणून जबरीने पाजायचे नसते.

वारी बुडाली का?

पंढरपूर कशाने झाले हे वारकऱ्याला सांगावयास नको. देव दारी आला, आणि पुंडलिक आईबापांच्या सेवेतून उठला नाही. त्याने वीट भिरकावली आणि देवाला थांबविले. तो सेवा टाकून धावला असता तर ती वीटही नसती आणि पंढरीही नसती. मग सेवेसाठी जो घरी राहिला त्याची वारी बुडाली असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आबा म्हणाले, “ते आईबाप व्हते. ही बायको.”

आम्ही विचारले, “आबा, तुम्ही चाळीस वर्षे पंढरीला गेलात तेव्हा मागे गुरे कोणी सांभाळली? पेरणी कोणी उरकली? पोरांना ताप आला तर रात्र कोणी काढली?”

ते काही बोलले नाहीत. माउलींनो, त्या चाळीस वाऱ्यांतल्या निम्म्या त्या बाईंच्या आहेत. पडशीतली भाकरी तिने बांधली, आणि स्वतः पंढरी पाहिली ती दोन-चार वेळा. आज ती ‘घरी ने’ म्हणते आणि आबा तिच्या शेजारी बसून राहतात, ही त्या उसनवारीची फेड आहे. नेम मोडला नाही, नेमाची जागा बदलली.

सेवा कशी करावी

सेवा म्हणजे नुसते प्रेम नव्हे, तीत रीतही लागते. आबांनी ठेचा खाऊन शिकलेल्या चार गोष्टी लिहून ठेवतो.

‘मी कोण, सांग बरं?’ अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर आले नाही तर रोगी घाबरतो आणि आपले काळीज तुटते. ‘आई वाट बघते’ म्हटल्यावर ‘तुझी आई कधीच गेली’ असे सांगितले, तर तिला आई त्याच क्षणी मेल्याचे दुःख होते, आणि ते रोज होते. अशा वेळी शब्द धरू नये, शब्दामागची भीती धरावी. हात हातात घ्यावा, आईची गोष्ट विचारावी, हळूच दुसरीकडे वळवावे.

एका वेळी एकच गोष्ट सांगावी. उठणे, अंघोळ, जेवण यांची वेळ रोज तीच ठेवावी. अंघोळीला पाणी सोसेल असे असावे आणि अंगावर एक वस्त्र राहू द्यावे. लाज ही आठवणीच्या मागाहूनही शिल्लक असते. दिवस मावळताना अशा माणसांची तगमग वाढते. म्हणून अंधार पडायच्या आधीच दिवे लावावेत आणि गलका टाळावा.

चुलीची वा गॅसची जागा, विहीर, फवारणीचे औषध, गोळ्यांचे डबे यांपासून त्यांना जपावे. दाराला कडी उंच लावावी, पण घरात एकट्यांना कोंडून जाऊ नये. कपड्यात नाव, गाव आणि फोनचा आकडा शिवून ठेवावा. यात्रेच्या गर्दीत नेऊ नये. दर्शनाची फारच इच्छा असेल तर आडदिवशी, सकाळी, दोघांनी मिळून न्यावे.

जेवल्याचे विसरून पुन्हा भाकरी मागितली तर वाद न घालता थोडे काही द्यावे. एकादशीला मागितली तरी द्यावी. आजाऱ्याला उपास नाही. पुढे पुढे गिळणे जड होते, तेव्हा ताठ बसवून मऊ अन्न सावकाश भरवावे. घाईने ठसका लागून अन्न श्वासनळीत जाते.

उगारलेला हात आणि वीणा

राहिला तिसरा प्रश्न. त्याला आम्ही सोपे उत्तर दिले नाही. हात उगारणे चूकच. रोगी दुबळा आहे, आणि घडलेले त्याला सांगताही येत नाही. पण तो हात कशाने उगारला गेला? सहा महिने आबा एका रात्रीतही सलग तीन तास झोपले नव्हते. मुलगा मुंबईला. आबांनी कोणाला सांगितले नव्हते, म्हणाले, “घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?” दिंडीला निरोप गेला तो गुडघ्याचा.

तेव्हा आम्ही त्यांना सप्ताहाची आठवण दिली. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पण एकच वीणेकरी सात दिवस उभा असतो काय? पहारा बदलतो. नवा माणूस येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि नाम अखंड राहते. वीणा दिली म्हणून पहिल्याची सेवा खंडली असे कोणी म्हणत नाही. उलट जो ती कोणाला देतच नाही तो कधीतरी झोपेने कोसळतो, आणि वीणाही त्याच्यासंगे पडते.

“आबा,” आम्ही म्हणालो, “तुमची चूक हात उगारण्याच्या आधीच झाली. तुम्ही पहारा मागितला नाही.”

आणि आबांना बोलताना आम्हास आमचीही चूक दिसली. दोन वर्षे एक वारकरी दिंडीतून गळाला आणि आम्ही गुडघ्यावर विश्वास ठेवून चालत राहिलो. पहारा मागणारा चुकला, तसा न विचारणाराही चुकला.

मग गावातल्या भजनी मंडळाने ठरविले. आठवड्यातून दोन दिवस दोघी बायका येऊन बाईंना अंघोळ घालतात. गुरुवारी आणि एकादशीला एकजण दुपारी तीन तास बसतो, तेवढ्यात आबा झोपतात. मुलगा महिन्यातून दोनदा येऊन रात्रीचा पहारा धरतो. असे प्रत्येक फडाला, प्रत्येक गावच्या मंडळाला करता येईल. फार काही लागत नाही. ‘तुमच्या घरी कोणी विसरू लागले आहे का?’ एवढे एकदा हळूच विचारावे लागते. ज्यांना गावात आधार नाही त्यांनी ज्येष्ठांसाठी असलेल्या १४५६७ या सरकारी, विनाशुल्क फोनवर विचारावे. आणि राग अंगावर येईल तेव्हा रोग्याला सुरक्षित बसवून दोन पावले बाहेर यावे, पाणी प्यावे, मग परत जावे.

पुढच्या आषाढीला आबा एक टप्पा चालले. जेजुरीहून वाल्ह्यापर्यंत. घरी मुलगा आणि मंडळातल्या बाया होत्या. वाल्ह्याला पालखीपुढे लोटांगण घालून ते आमच्या पाया पडले, आम्ही त्यांच्या पडलो, आणि ते संध्याकाळच्या गाडीने परतले. पुढे पंढरीपर्यंत त्यांची पताका त्यांच्या पुतण्याने नेली.

घरी पोचल्यावर आबांनी बाईंच्या कपाळाला बुक्का लावला. त्यांनी विचारले, “दादा, कुठं गेलतास?”

आबा म्हणाले, “तुझ्या माहेरी.”

बाई हसल्या. नवरा म्हणून ओळखले नाहीच, आणि पुढेही ओळखतील असे आम्ही म्हणत नाही. पण सेवा करायला ओळख दोघांनीच धरावी लागते असे नाही; एकाने धरली तरी पुरते. आणि तो एक थकला, तर ती धरायला आपण सगळे आहोत.

असो. या महिन्यात एकादशीच्या कीर्तनाला जाल तेव्हा आपल्या मंडळातले कोण येईनासे झाले आहे ते पाहा, आणि परतताना त्यांच्या दारावरून या.

रामकृष्णहरि.