पेरूचे सारण भरलेली घरगुती बिस्किटे

पावसाळा सरून शरद ऋतूचे ऊन पडू लागले, की महाराष्ट्रातील पेरूच्या बागांना वेगळीच शोभा येते. मृग बहाराची फळे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास उतरू लागतात व पुढे जानेवारीपर्यंत त्यांची तोडणी चालते. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात तयार होत असल्याने ती रुचीस पाणचट लागतात व फळमाशीने अधिक किडतात. मृग बहाराचे फळ त्या मानाने गोड, सुवासिक व टिकाऊ असते. परंतु ‘टिकाऊ’ हा शब्द येथे तुलनेनेच घ्यावयाचा. झाडावर पिवळे पडलेले फळ तोडल्यानंतर दोन-तीन दिवसांत मऊ पडते, आणि मऊ फळास बाजारात कोणी विचारीत नाही. तोडणीच्या ऐन भरात प्रत्येक बागेत अशी फळे पाट्यांनी शिल्लक राहतात. ती गुरांपुढे टाकणे किंवा बांधावर कुजू देणे म्हणजे वर्षभराच्या श्रमाचा एक भाग मातीत घालणे होय.

अशा फळांचा घरच्या घरी सदुपयोग करण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी पेरूची वडी करून तिचे सारण भरलेली बिस्किटे भाजणे, हा एक सोपा व सर्वांना रुचणारा मार्ग प्रस्तुत लेखात दिला आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत पीठ, साखर व तूप बेकरीत नेऊन बिस्किटे पाडून आणण्याची रीत आहे. गोव्यात पेरूचा गर साखरेत आटवून केलेली ‘पेराद’ नाताळच्या फराळात मानाने वाढली जाते. या दोन्ही परिचित पदार्थांची सांगड घालणे, एवढेच येथे करावयाचे आहे.

फळांची निवड

पेरू मूळचा उष्ण कटिबंधातील अमेरिकेचा. पोर्तुगीजांमार्फत तो भारतात आला. महाराष्ट्रात सर्वाधिक परिचित असलेली ‘सरदार’ ऊर्फ ‘लखनौ ४९’ ही जात पुण्याच्या गणेशखिंड येथे लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये निवडली. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहात्यासारख्या भागांत पेरूची लागवड प्रसिद्ध आहे. पांढऱ्या गराच्या सरदार पेरूची वडी फिकट तपकिरी होते, तर ललितसारख्या गुलाबी गराच्या जातीची वडी लालसर व मोहक दिसते. चवीच्या दृष्टीने दोन्ही उत्तम आहेत.

वडी घट्ट होण्यास पेक्टिन या द्रव्याची आवश्यकता असते. साखर व आंबटपणा यांच्या संयोगाने पेक्टिन गरास बांधून धरते. नुकत्याच पिकू लागलेल्या कठीण फळात ते भरपूर असते. फळ जसजसे पिकते तसतसे ते कमी होते. उलट, सुवास मात्र पक्व फळातच येतो. यास्तव दोन भाग पिकलेली व एक भाग नुकतीच रंग पालटलेली, कठीण फळे एकत्र घ्यावीत.

मऊ फळ आणि सडके फळ यांत भेद करणे अत्यंत महत्त्वाचे आहे. मऊ पडलेले फळ चालते. बुरशी आलेले, आंबूस वासाचे अथवा अळी असलेले फळ चालत नाही. त्याचा चांगला दिसणारा भागही कापून घेऊ नये. किडकी फळे बागेत न टाकता खोल खड्ड्यात पुरावीत, म्हणजे फळमाशीच्या पुढील पिढीस आळा बसतो.

गर काढणे

दीड किलो फळे स्वच्छ पाण्याने धुऊन, देठ व फुलाकडील टोक काढून त्यांच्या फोडी कराव्यात. साल काढू नये. स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर पाणी घालून फोडी पंधरा ते वीस मिनिटे, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवाव्यात. कल्हई नसलेले पितळेचे अथवा तांब्याचे भांडे वापरू नये; फळातील आम्लामुळे धातू अन्नात उतरतो. शिजलेल्या फोडी बिया अडतील अशा बारीक चाळणीतून चोळून गाळाव्यात. पुरणयंत्राची जाळी पुरेशी बारीक असल्यास तीही चालते. मिक्सरमध्ये फोडी वाटू नयेत. बिया फुटल्यास वडी दाताखाली खरखरीत लागते.

पेरूची वडी

गर १ किलो, साखर ८०० ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, सायट्रिक आम्ल २ ग्रॅम किंवा दोन लिंबांचा रस, आणि चिमूटभर मीठ असे प्रमाण घ्यावे. आटविण्यापूर्वी रिकाम्या पातेल्याचे वजन करून लिहून ठेवावे. ही एकच दक्षता पुढील सर्व अंदाज चुकण्यापासून वाचविते.

गर व साखर एकत्र करून मध्यम आचेवर सतत ढवळावे. मिश्रण दाटू लागल्यावर लोणी घालावे. यानंतर ते खदखदून बाहेर उडते व त्याचा चटका फार तीव्र असतो. म्हणून लांब दांड्याचा कालथा वापरावा, हातास कापड गुंडाळावे व मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. शेवटी मीठ व लिंबाचा रस घालावा. आंबट आरंभीच घातल्यास दीर्घ उकळीत पेक्टिनची घट्ट करण्याची शक्ती घटते.

मिश्रण भांड्याच्या कडा सोडून गोळा होऊ लागले, की पातेल्यासह वजन करावे. पातेल्याचे वजन वजा जाता सुमारे १२०० ग्रॅम भरल्यास वडी सिद्ध झाली असे समजावे. या वेळी तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश भाग घन पदार्थ व एक चतुर्थांश पाणी असते. साखरेने हे पाणी इतके बांधून ठेवलेले असते, की बुरशीस ते सहजी मिळत नाही. वजन १४०० ग्रॅमवरच थांबविले तर वडी मऊ व चकचकीत दिसते खरी. परंतु थोड्याच दिवसांत तिच्यावर बुरशी येण्याचा संभव असतो आणि बिस्किटाची पारीही ओली होते.

तूप लावलेल्या थाळीत मिश्रण एक सेंटीमीटर जाडीचे पसरून रात्रभर निवू द्यावे. एवढ्या वडीत बिस्किटांचे पाच घाणे होतात. लागेल तेवढी घेऊन उरलेली वडी लोणी-कागदात गुंडाळून कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. ती दोन-तीन महिने राहते.

पारीचे पीठ

एका घाण्यास मैदा १५० ग्रॅम, गव्हाचे बारीक पीठ १०० ग्रॅम, थिजलेले तूप १२५ ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, थोडी वेलची किंवा जायफळ व थंड दूध दोन ते तीन मोठे चमचे घ्यावे.

तूप व पिठीसाखर परातीत हलके होईपर्यंत फेसावे. दोन्ही पिठे, बेकिंग पावडर, मीठ व वेलची एकत्र चाळून त्यात मिसळावी व बेताने दूध घालून गोळा करावा. कणकेप्रमाणे तिंबू मात्र नये. तिंबल्याने गव्हातील चिवट द्रव्य, म्हणजे ग्लूटेन, जोर धरते आणि बिस्किट खुसखुशीत न होता कडक होते. गोळा झाकून अर्धा तास थंड जागी ठेवावा, म्हणजे तूप पुन्हा थिजते व पारी लाटताना फाटत नाही.

भरणे व कापणे

पिठाचे चार भाग करावेत. एक भाग दोन स्वच्छ प्लास्टिक कागदांमध्ये ठेवून सात सेंटीमीटर रुंद, पस्तीस सेंटीमीटर लांब व सुमारे चार मिलिमीटर जाड असा पट्टा लाटावा. २२५ ग्रॅम वडी मळून तिच्या करंगळीएवढ्या जाड चार वळ्या पट्ट्यांच्या लांबीइतक्या कराव्यात. वळी पट्ट्याच्या मध्यावर ठेवून दोन्ही कडा तीवर आणाव्यात, दुधाचे बोट लावून सांधा बंद करावा व सांधा खाली येईल असा पट्टा उलटा करून हलकेच दाबावा. धारदार सुरीने पाच सेंटीमीटरचे तुकडे कापावेत. एका पट्ट्याचे सात, याप्रमाणे एका घाण्यात २८ बिस्किटे होतात.

भाजणे

भट्टी असल्यास ती आधी १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बिस्किटे १८ ते २० मिनिटे भाजावीत. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन सेंटीमीटर जाडीचा मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी व झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. नंतर तूप लावलेल्या ताटलीत बिस्किटे सुटी सुटी मांडून तिवईवर ठेवावीत व मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजावीत. हे मीठ भाजण्यासाठी पुन्हा वापरता येते, स्वयंपाकात मात्र घालू नये. बिस्किटांच्या कडा फिकट बदामी होताच ती काढावीत. गरम असताना ती मऊच लागतात. निवल्यावर खुसखुशीत होतात. दहा मिनिटे ताटलीतच राहू देऊन मग जाळीवर काढावीत.

सामान्य दोष व त्यांची कारणे

सारण बाहेर वाहिले, तर वडी कमी आटली अथवा सांधा नीट मिटला नाही असे समजावे. पारी कडक झाली, तर पीठ अधिक तिंबले गेले किंवा दूध जास्त पडले. बिस्किट पसरले, तर तूप वितळलेले होते. खाली करपून वर कच्चे राहिले, तर आच मोठी होती. आच कमी करून वेळ वाढवावा.

साठवण, आहार व विक्री

पूर्ण निवलेली बिस्किटेच हवाबंद डब्यात भरावीत. कोमट बिस्किटांची वाफ डब्यात धरते व तेथूनच बुरशीस आरंभ होतो. सारणातील ओलावा हळूहळू पारीत उतरत असल्याने आठ-दहा दिवसांत ती संपवावीत व घाणे लहान घ्यावेत.

ताज्या पेरूच्या १०० ग्रॅम गरात साधारणतः २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. दीर्घकाळ आटविल्याने त्याचा मोठा भाग नष्ट होतो. शिवाय एका बिस्किटात ७ ते ८ ग्रॅम साखर व सुमारे ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. तेव्हा हा सणासुदीचा खाऊ समजावा. मुलांना ताजे फळ द्यावे, आणि जे ताजे खपत नाही त्याचीच बिस्किटे करावीत.

महिला बचत गटांनी विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार आधी नोंदणी करून घ्यावी. वेष्टनावर घटक पदार्थ, वजन, तयार केल्याचा व वापरण्याचा अंतिम दिनांक लिहावा, तसेच गहू व दूध यांचा स्पष्ट उल्लेख करावा. दर ठरविताना तूप, साखर, मैदा, इंधन व वेष्टन यांसह स्वतःच्या श्रमाचे मोलही धरावे. घरचे फळ फुकट समजून दर लावल्यास विक्री होते, पण बागेचा तोटा भरून येत नाही. शिल्लक फळाचा त्या दिवशीचा बाजारभाव वहीत लिहून तोही खर्चात मांडावा. मगच हा जोडधंदा परवडतो की नाही हे समजते.

प्रथम एकच किलो गराची वडी करून पाहावी व तिच्या एका घाण्याची बिस्किटे दहा दिवस ठेवून तपासावीत. ती कोरडी, सुवासिक व बुरशीरहित राहिली, म्हणजे प्रमाण हाती आले. त्यानंतर पुढील तोडणीच्या वेळी शिल्लक पाट्या बांधावर न जाता स्वयंपाकघराकडे वळतील, आणि बागाईतदाराच्या घरास त्याच्याच फळाचा गोड लाभ होईल.