शाळेत नाव आहे, पण शिकणं पोहोचतं का?



आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, शिक्षण आहे आणि पंचायतीतला सहभागही आहे. या तिन्ही सूत्रांना धरून असणारा विषय या महिन्याच्या बैठकीत घेऊया: आपल्या गावातली कर्णबधिर आणि कमी ऐकू येणारी मुलं.

अशा मुलाबद्दल आपण काय बोलतो ते आठवा. "मुकं आहे." "मंद आहे." "बाप पण उशिराच बोलला होता, हेही बोलेल." मूल ऐकून ऐकून बोलायला शिकतं. कानावर शब्दच पडले नाहीत तर बोलणं येणार कुठून? आणि पहिल्या पाच-सहा वर्षांत कोणतीच भाषा मिळाली नाही, ना बोलायची ना खुणांची, तर पुढचं सगळं शिकणं जड जातं. म्हणून "थोडी वाट बघू" हा सल्ला फार महाग पडतो.

लवकर कसं ओळखायचं?

भांडं पडलं तरी बाळ दचकत नाही. सहा-सात महिन्यांचं झालं तरी आवाजाकडं मान वळवत नाही. दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही. कान सारखा वाहतो. यातलं काहीही दिसलं तर तपासणी करून घ्या. कानात तेल घालून बसू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तारीख अंगणवाडी ताईंकडून आधीच घ्या. त्या दिवशी मूल घरी किंवा शेतात राहायला नको. "याला ऐकू येत नाही असं वाटतं," हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. पुढच्या तपासणीला कुठं जायचं ते लिहून घ्या. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डही काढून ठेवा, बहुतेक योजनांना ते लागतं.

यंत्र आणि खुणा

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना श्रवणयंत्र मिळतं. पण यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा घातला की लगेच दिसतं. यंत्रातून आवाज येतो, पण त्यातला शब्द ओळखायला कित्येक महिने सराव लागतो. मूल वाढेल तसा कानातला साचाही बदलावा लागतो. हे कुणी सांगितलं नाही, की यंत्र डब्यात जातं.

"खुणा शिकवल्या तर पोर बोलणारच नाही," अशी भीती बाळगू नका. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. दिल्लीत २०१५ पासून तिचं सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्या केंद्राच्या शब्दकोशाचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघता येतात. रोज चार खुणा आई, आजी, भावंडं मिळून शिकली तरी घरात बोलणं सुरू होतं.

शाळेत काय मागायचं?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कर्णबधिर मुलाला त्याला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीनं शिकवणं, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे हे उपकार नाहीत. यातल्या कित्येक गोष्टींना पैसाही लागत नाही:

१. मुलाला पुढं बसवावं. गुरुजींच्या तोंडावर उजेड असावा.
२. फळ्याकडं तोंड करून बोलू नये, मुलाकडं बघून बोलावं.
३. गृहपाठ आणि सूचना फळ्यावर लिहाव्यात.
४. तोंडी परीक्षेऐवजी लिहून किंवा खुणांनी उत्तर घ्यावं.
५. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक कधी येणार, ते लेखी कळवावं.
६. दहावीला जादा वेळेची सवलत मिळते. तिचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत वेळेत जावा.

एकटी आई शाळेत गेली तर "बघू" म्हणून परत पाठवतात. गट गेला तर बसायला खुर्ची मिळते, हे बँकेत आपण अनुभवलंच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. तिथं हा विषय मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, अर्जाची पोच घ्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. यंदा तो कशावर खर्च झाला, ते ग्रामसभेत विचारा.

पण आधी त्या आईला विचारा, आणि मूल मोठं असेल तर त्यालाही. त्यांना काय हवंय ते ऐकूनच अर्ज लिहा. मुलाचं नाव त्यांच्या संमतीशिवाय चारचौघांत घेऊ नका.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या वस्तीत अशी किती मुलं आहेत? शाळेत न जाणारी धरून मोजा.
• त्यांच्याशी घरात कोण, कसं बोलतं?
• समितीत आपल्या गटातलं कोण आहे? तिथं विषय कोण मांडणार, कोणत्या तारखेला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाव आणि तारखेसकट ठरावात लिहा. पुढच्या महिन्यात मी बैठकीला आले की आधी तेच पान उघडूया.

तुमची,
क्षेत्र समन्वयक