लीग पंधरा दिवसांची, पोट बारा महिन्यांचं

‘पोट्टं रग्बी खेळतो म्हणते, त्यात काही आहे का?’ असं विचारणारे पालक आता अकोल्यात भेटू लागले आहेत. पोरानं मोबाइलवर लीग दाखवलेली असते. खेळू द्या, पण त्यावर घर चालेल असं धरून बसू नका, हे माझं उत्तर कोणालाच आवडत नाही. पोराला तर मुळीच नाही.

मी प्रॉप होतो. पंधरा जणांच्या रग्बीत स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघ डोकी घालून एकमेकांना रेटतात त्या जुंपणीच्या, पहिल्या रांगेत मान घालून उभा राहतो, तो. कबड्डी-कुस्तीतून आलेल्या आडव्या अंगाच्या पोराला सर लोक डोळे झाकून तिथंच घालतात. आणि वऱ्हाडात कबड्डीतूनच येणार, दुसरीकडून कुठून येणार? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ मध्ये त्याच्या पथकानं थेट बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली. मुंबईच्या जिमखान्यांत वाढलेल्या खेळाडूंना रग्बी घरची वाटते. आम्ही ती अंबा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात उभ्यानं मुंबईला जाऊन शिकलो.

कबड्डीचा फायदा होतो, पण तिची एक सवय महागात पडते. अँकल होल्डला आपण समोरून घुसतो, डोकं चढाईपटूच्या पायांपुढे गेलं तरी निभावतं. रग्बीत समोरचा पूर्ण वेगात येतो, आणि डोकं त्याच्या पुढ्यात गेलं की त्याचा गुडघा कानशिलात बसतो. म्हणून टॅकल शिकताना डोकं कायम त्याच्या मागच्या बाजूला, गाल सरळ ढुंगणाला चिकटलेला. पोरं हसतात. हसू द्या, पण गुडघ्यांवर बसून, हळू, हजारदा करून घ्या. आणि उन्हाळ्यात भेगा पडलेल्या काळ्या मातीवर पूर्ण जोरानं टॅकल घेऊ नका. आधी मैदानाला पाणी मारा, नाही तर गाद्या टाका.

मला तो गुडघा एका निमंत्रितांच्या स्पर्धेत बसला. कोणीतरी पाण्याचा जग आणला, तोंडावर सपकारे मारले आणि ‘काही नाही होत बे’ म्हणत पुन्हा आत ढकललं. दुसऱ्या हाफमध्ये मी चांगला खेळलो, असं सांगतात. मला तो आठवतच नाही. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत उलट्या झाल्या. ‘ऊन लागलं असंन’ म्हणून मायनं कांदा दिला.

ते ऊन नव्हतं, मेंदूला बसलेला मार होता. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन, तोही पहिल्या रांगेतला. चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्याचं त्यानं २०२० मध्ये जाहीर केलं. तो अंतिम सामना खेळल्याचं त्याला आठवत नाही. त्याच्या देशात संघासोबत डॉक्टर असतो. आमच्याकडे बर्फ मिळाला तरी नशीब. तेव्हा लक्षात ठेवा : डोक्याला मार बसून पोरगं क्षणभर जरी गोंधळलं, अडखळलं, तेच तेच विचारू लागलं, तर ते त्या दिवशी परत मैदानात जात नाही. सर कितीही ओरडले, फायनल असली, तरी नाही. डॉक्टरला दाखवायचं, रात्री एकटं झोपू द्यायचं नाही, गाडी चालवू द्यायची नाही, आणि सामना किमान तीन आठवडे विसरायचा. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी दिसली तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

आता पैशाचं. रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झाली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, आणि तीही इंग्लंड, फ्रान्स, न्यूझीलंडसारख्या देशांत. आपल्याकडे रग्बी प्रीमियर लीग आली जून २०२५ मध्ये : अंधेरीच्या क्रीडासंकुलात, १५ ते २९ तारखेपर्यंत, सहा संघ, साऱ्या देशातून तीस भारतीय खेळाडू. मला लीगचा आनंदच आहे. पण उरलेले साडेअकरा महिने काय खायचं? त्यातून ही लीग सात जणांच्या रग्बीची. ऑलिंपिक सातचं, एशियाडही सातचंच. तिथं स्क्रमला तीनच जण लागतात आणि पळायला सगळ्यांनाच लागतं. माझ्यासारख्या प्रॉपला त्यात जागा नाही, आणि वजन उतरवून सातमध्ये घुसायच्या नादात माझा गुडघा गेला. लिगामेंट तुटलं की नऊ महिने तरी मैदान बंद. खर्च बाबांनी सोयाबीनच्या पैशातून केला. ज्या संघासाठी खेळलो त्यांनी फोनही केला नाही. म्हणून पोराला पंधरा-सोळाव्या वर्षीच पळायला लावून बघा, आणि अंगानं तो कशातला आहे ते तेव्हाच ठरवा. अपघात विमा स्वतः काढा, संघाच्या भरवशावर राहू नका. पॉलिसी घेताना स्पर्धेतली दुखापत त्यात बसते का, ते एजंटकडून लिहून घ्या.

पोट भरायचा मार्ग निघतो तो नोकरीतून. लष्कराचा संघ देशात तगडा आहे, तो एक रस्ता. दुसरा राज्य सरकारच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा. तिथं मात्र कागद बोलतो. चषक घरी शोकेसमध्ये छान दिसतो. पण स्पर्धा कोणत्या संघटनेची, कोणत्या स्तराची, क्रमांक कितवा, हे प्रमाणपत्रावर स्पष्ट लागतं, आणि निमंत्रितांच्या स्पर्धेला तिथं किंमत नाही. राज्यात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून तपासणी कडक आहे, ते बरंच झालं. प्रमाणपत्र हातात पडलं की नाव आणि जन्मतारीख आधारशी तिथल्या तिथं जुळवून पाहा. स्पेलिंगची चूक नंतर दुरुस्त करायला वर्ष जातं. स्पर्धेचा निकाल आणि खेळाडूंची यादी मागून सोबत ठेवा. पडताळणीचा अर्ज अमरावतीला विभागीय उपसंचालकांकडे जातो, आणि पडताळणी नोकरीचा अर्ज भरण्याआधी झालेली लागते. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची तिथं नेहमी गर्दी असते.